पट्टीची मिशी

मिशी काढावी लागेल हे मला ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी कळलं. दोन नाकपुड्यांच्या मधोमध जो छोटा खांब असतो, तिथं छेद देऊन डॉक्टर नाक उघडणार होते. त्याच्या खाली केस नकोत, एवढंच. पण आमच्याकडं गडी माणूस मिशी उतरवतो ती बाप गेल्यावर. औशाच्या पुढं आमचं गाव. तिथं कोऱ्या ओठानं उतरलो की काय होईल ते मला दिसत होतं. लातूरच्या त्या दवाखान्यात खाटेशेजारी बसलेल्या अण्णांना विचारलं, काढू का? ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "काढ की. मी काय इतक्यात जात न्हाई."

नाक मोडलं ते अकराव्या वर्षी. शाळेपुढच्या हापशावर अण्णा हापसत होते. मी घागर सरकवायला वाकलो, तेवढ्यात रस्त्यावरून कुणीतरी त्यांना हाक मारली आणि दांड्यावरचा हात सुटला. खाली दाबलेला दांडा सुटला की कसा वर येतो, हे हापशावर पाणी भरलेल्यांना सांगायला नको. रक्त थांबलं, हळद भरली, सूज उतरली. नाक मात्र डावीकडं कलून, मधे उंटाची पाठ घेऊन बसलं ते बावीस वर्षं. आतला पडदाही वाकला, त्यामुळं उजवी नाकपुडी जवळजवळ बंद. रात्री तोंड उघडं टाकून घोरायचं, सकाळी घसा कोरडा.

म्हणून गावात, सोयऱ्यांत, दुकानात सगळीकडं सांगितलं की श्वासाचं ऑपरेशन आहे. ते खरं होतं, पण अर्धं. उरलेलं अर्धं असं की बाजूनं काढलेला स्वतःचा फोटो मला बघवत नव्हता. माझं खत-बियाणांचं दुकान आहे. गिऱ्हाईक बाजूला येऊन बसलं की मी खुर्ची फिरवून त्याच्याकडं तोंड करून घ्यायचो. लोकांना वाटायचं, माणूस किती अगत्याचा. हे बायकोशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. लग्नाआधी केलं असतं तर चाललं असतं. तेहतिसाव्या वर्षी, एक लेकरू झाल्यावर? थोरल्या मावशीला सुगावा लागलाच, फोनवर म्हणाली, "आता कुनाला दाखवायचंय रं?"

पडदा सरळ करणं आणि वरचं हाड घासून, कापून बसवणं, दोन्ही एकाच वेळी होणार होतं. विम्यात दिसण्यासाठीचं काम बसत नाही, त्यामुळं तेवढा भाग खिशातून. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तसं बिल होतं. डॉक्टरांची अट एकच कडक होती: तंबाखू चार आठवडे आधी बंद आणि नंतरही बंद. तंबाखूनं बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि कातडी भरून यायला रक्तच पोचत नाही, असं त्यांनी चित्र काढून समजावलं. सुटली. कशी सुटली ते वेगळं लिहावं लागेल. हरभऱ्याची पेरणी उरकली, दुकानातली गर्दी ओसरली आणि नोव्हेंबरच्या शेवटी मी दाखल झालो.

शुद्धीवर आलो तेव्हा पहिली जाणवली ती तहान. दोन्ही नाकपुड्यांत बोळे ठासलेले, श्वास सगळा तोंडानं, जीभ टाळूला चिकटलेली. थुंकी गिळली की कानाला दडे बसायचे. नाकावर कडक प्लास्टर. आणि नाकाखाली, काल जिथं मिशी होती तिथंच, गॉजची घडी आडवी ठेवून दोन्ही गालांवर चिकटपट्टीनं ताणून बसवलेली, झिरपणारं रक्त टिपायला. दर तासा-दोन तासांनी ती बदलायची. एक नर्स दुसरीला म्हणाली, "ह्यांची मिशी बदल गं." मला हसू आलं, आणि हसल्यावर कळलं की काही दिवस हसायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोळे काढले. दुखतं असं नाही म्हणता येणार. डोळ्याच्या मागून कुणीतरी ओला पंचा ओढून काढतंय असं वाटतं. मग गार हवा आत गेली. उजवीकडून! मी नर्सबाईंना सांगायला तोंड उघडलं, तोवर डोळ्यांतून पाणी. पण हा आनंद तासाभराचाच असतो. आतली सूज चढते, पडद्याला दोन्ही बाजूंनी सिलिकॉनच्या पातळ पट्ट्या टाक्यानं बांधलेल्या असतात, रक्त सुकून खपल्या धरतात आणि नाक आधीपेक्षाही घट्ट बंद होतं. पुढचे आठ-दहा दिवस तसंच राहतं. फसलो की काय, असं तेव्हा वाटतं. डॉक्टरांनी आधी बजावलं नसतं तर मी घाबरून परत गेलो असतो.

घरी आल्यावरची पहिली लढाई झोपेशी. डोकं छातीच्या वर पाहिजे, तीस-चाळीस अंशांत, आणि उताणंच झोपायचं. सपाट झोपलं की रक्त डोक्याकडं येतं, सूज वाढते. कुशीवर वळलं की कापून बसवलेलं हाड उशीवर दाबलं जायची भीती. मी तर जन्माचा कुशीवर झोपणारा. अण्णांनी भिंतीला लोड लावला, त्यावर उशा, आणि दोन्ही बाजूंना वाकळींच्या वळकट्या अशा ठासल्या की मी पाळण्यातल्या लेकरासारखा अडकून बसलो. स्वतः खाली सतरंजीवर. रात्री माझी मान जरा कलली की अंधारातून आवाज यायचा, "सरळ." एवढाच शब्द. नऊ रात्री. म्हातारा झोपायचा कधी, मला अजून कळलेलं नाही.

बर्फ पहिले दोन दिवस. फडक्यात गुंडाळून गालांवर आणि डोळ्यांखाली, दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा, मग सोडायचा. नाकावर नाही, प्लास्टर भिजलं की सैल होतं आणि त्याचं कामच संपतं. तरी तिसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडेनात. हाडं कापली की डोळ्यांभोवती रक्त साकळतं, दोन-तीन दिवसांत ते सगळ्यात जास्त दिसतं आणि मग रंग बदलत खाली उतरतं: आधी वांग्यासारखं जांभळं, मग हिरवट, मग हळदीसारखं पिवळं, गालावरून जबड्याकडं. गावात तोवर दोन बातम्या निघाल्या होत्या. एक, बांधावरून भांडण होऊन मला मारलं. दुसरी, मिशी नाही म्हणजे म्हातारा गेला. संध्याकाळपर्यंत कुणीतरी दोन्ही जोडल्या आणि भांडणात म्हातारा गेला असं ठरलं. अण्णांना पारावर जाऊन चांगला तासभर बसून दाखवावं लागलं.

आता खरं काम. नाकाची काळजी म्हणजे नाकाला काहीतरी करत राहणं, अशी माझी समजूत होती. निघालं उलटंच. करायच्या गोष्टी दोनच होत्या. सलाइनचा फवारा दिवसातून सहा-सात वेळा दोन्ही नाकपुड्यांत, म्हणजे आतलं सुकलेलं रक्त मऊ राहतं. आणि सकाळ-संध्याकाळ कापसाच्या काडीनं टाक्यांवर आणि नाकपुडीच्या कडेला मलमाचा पातळ हात. काडी आधी सलाइनमध्ये भिजवून खपलीवर फिरवायची, गोल फिरवायची, खरवडायचं नाही. सुटेल तेवढीच खपली घ्यायची, बाकीची उद्या. बायकोनं हे काम जसं केलं तसं मी कधी केलं नसतं. ती टॉर्च दातात धरून, मिरचीच्या रोपाला पाणी घालावं तसं थेंब थेंब सोडायची. माझा हात मात्र सारखा नाकाकडं जायचा. आत काहीतरी अडकलंय, एकदा जोरात शिंकरलं की मोकळं होईल, हा विचार दिवसातून शंभर वेळा यायचा. शिंकरायचं नाही. तीन आठवडे नाहीच. आतले टाके, बसत आलेला पडदा, सगळ्यावर दाब येतो आणि रक्त फुटू शकतं.

आमच्या घरात मात्र हात न लावणं ही गोष्ट कुणाला पटत नाही. मायनं पाचव्या दिवशी तुपाची वाटी कोमट करून आणली. "आरं, कोरडं पडलंय आतून. दोन थेंब सोड." मी नको म्हटलं. मग मोहरीचं तेल आलं, मग ओव्याची वाफ, मग शेजारच्या काकूंनी हळद-चुन्याचा लेप सांगितला, प्लास्टरच्या वरून का होईना. डॉक्टरांनी लिहिलेलं सोडून आत काही घालायचं नाही, हे मी मायला चार वेळा सांगितलं. ती रुसली.

त्याच दिवशी पडल्या पडल्या मोबाईलवर वाचताना मला कावसजीची गोष्ट सापडली. इंग्रजांच्या फौजेत बैलगाडी हाकणारा हा मराठी गडी 1792 च्या लढाईत टिपूच्या हाती लागला आणि त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. पुढं पुण्याजवळ विटा भाजणाऱ्या जातीतल्या एका माणसानं कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. आधी मेणाचा साचा करून कपाळावर मांडला, त्याच्या कडेनं रेघ मारली, मग तेवढी कातडी सोडवली. ही हकिकत 1794 च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन' मासिकात छापून आली, आणि ती वाचून विलायतेतल्या कार्प्यू नावाच्या सर्जननं 1814 मध्ये तसं ऑपरेशन केलं. मी त्यात नंतरची काळजी शोधत होतो. ती होती! कात पाण्यात भिजवून फडक्याच्या पट्ट्यांना लावून वर चिकटवायचा, पाच-सहा दिवस रोग्याला उताणं निजवायचं, दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून मऊ फडकं घालायचं. आणि चार दिवसांनी काताच्या पट्ट्या काढल्या की जखमेवर दुसरी फडकी लावायची. कशात भिजवून? तुपात.

हे मी मायला वाचून दाखवायला नको होतं. ती काही बोलली नाही, फक्त वाटी उचलून माझ्या उशाशी ठेवली आणि स्वयंपाकघरात गेली. पुढं महिनाभर गावातल्या प्रत्येक बाईला तिनं सांगितलं की इंग्रजांच्या पुस्तकात तूप लिहिलंय. वाटीतलं तूप मी भातावर घेतलं.

ज्या गोष्टी कागदावर लिहून मिळत नाहीत, त्यांनीच खरा जीव खाल्ला. बनियन डोक्यावरून काढताना नाकाला अडकते, म्हणून समोरून गुंड्यांचेच कपडे. अण्णांच्या जुन्या बंडीत मी पंधरा दिवस काढले. वरचे पुढचे दात आणि ओठ बधिर, घास कुठं आहे कळायचं नाही, म्हणून लेकीचा मऊ ब्रश मी वापरला आणि तिला नवा आणला. ज्वारीची भाकर चावायला ताकद लागते आणि चावताना नाकाचा शेंडा ओढतो; भाकर दुधात कुस्करून खाल्ली. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, इथवर ठीक. पण दुखण्याच्या गोळ्यांनी पोट बांधून येतं, आणि बसायच्या संडासात कुंथलं की सगळा जोर थेट नाकावर येतो, हे कोण सांगणार? इसबगोल आणि भरपूर पाणी. लाजेनं हे कुणी बोलत नाही, मी बोलतो. गोळ्याही लिहून दिलेल्याच; डोकं दुखतंय म्हणून मेडिकलमधून कुठलीही आणायची नाही, त्यातल्या कित्येकींनी रक्त पातळ होतं.

शिंक आली तर तोंड पूर्ण उघडून द्यायची. मायची फोडणी ही आमच्या घरातली मोठीच अडचण होती. लाल तिखट तेलात पडलं की माडीवरची माणसंसुद्धा खोकतात. तिनं मग बिचारीनं तीन आठवडे मागच्या अंगणात चूल मांडून फोडण्या दिल्या. तरी एकदा आलीच. तोंड उघडून दिलेली ती शिंक म्हणजे बैल हंबरावा तसा आवाज. लेक घाबरून रडली.

सातव्या दिवशी प्लास्टर, बाहेरचे टाके आणि आतल्या सिलिकॉनच्या पट्ट्या निघाल्या. पट्ट्या बघून मी विचारलं, "एवढं मोठं आत होतं?" मग आरसा. बावीस वर्षं ज्या क्षणाची वाट बघितली, त्या क्षणी आरशात एक जाड, तेलकट, फोड आलेलं, शेंड्याला वर उचललेलं नाक होतं. प्लास्टरखाली आठवडाभर कातडी धुतली जात नाही, त्यामुळं तसं दिसतं. बाकी सगळी सूज. डॉक्टर म्हणाले, "आज नाक बघू नका. आज फक्त सरळ आहे का ते बघा." सरळ होतं. पण येताना गाडीत मी एक अक्षर बोललो नाही. त्या आठवड्यात मला फार उदास वाटायचं. पैसे घालवले, मिशी घालवली, आणि डुकराचं नाक घेऊन आलो. बायकोनं घरातला मोठा आरसा भिंतीकडं तोंड करून ठेवला. चांगलं केलं.

त्यानंतर रात्री मायक्रोपोर पट्टी नाकावर लावून झोपायचं, तीन आठवडे. मोबाईलवरच्या व्हिडिओंत लोक बोटांनी नाक दाबून मालिश करताना दिसतात. मी विचारलं, तर डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. ज्याला लागेल त्याला तेच दाखवतात कुठं दाबायचं. काळे डोळे झाकायला सगळ्यांनी गॉगल सुचवला होता. तोही नाही, सहा आठवडे नाकाच्या हाडावर कसलंच वजन नको. मोटारसायकल नाही, हेल्मेट नाही.

आणि मग सव्वीसावा दिवस. दोन वर्षांच्या लेकीला मला महिनाभर उचलून घेता येत नव्हतं. ते तिला कळत नव्हतं. मी खुर्चीत बसलो होतो, ती मागून मांडीवर चढली आणि आनंदानं डोकं वर केलं. लेकराचं डोकं म्हणजे दगड. डोळ्यांपुढं चांदण्या, आणि ओठावर गरम काहीतरी. मी नाक धरणार, एवढ्यात अण्णांनी माझं मनगट पकडलं. ताठ बसवलं, मान जरा पुढं. तोंडात आलेलं रक्त गिळायचं नाही, थुंकायचं. गालावर बर्फ. पाच-सात मिनिटांत थांबलं. बायकोनं समोरून, दोन्ही बाजूंनी फोटो काढून दवाखान्यात पाठवले. तासाभरात आम्ही लातूरच्या रस्त्याला. अण्णा मागच्या सीटवर. त्यांचा चेहरा मी आरशात बघितला आणि परत बघितला नाही.

डॉक्टरांनी बोटांनी हाड चाचपलं, आत दिवा घालून पडदा बघितला. पडद्यात रक्त साकळलं तर ते लगेच काढावं लागतं, नाहीतर आतली कूर्चा खराब होते, म्हणून ते तिथंच जास्त वेळ बघत राहिले. काही हललं नव्हतं. खपली सुटून रक्त आलं होतं. "लेकीला काय म्हणू नका," ते म्हणाले. कोण म्हणणार होतं?

दुकानात परतलो तेव्हा वास जवळजवळ नव्हता. खताच्या गोण्यांची धूळ नको म्हणून मी गल्ल्यावरच, मास्क लावून, तोही नाकाच्या कण्यावर न दाबता. एके सकाळी मागच्या खोलीचं दार उघडलं आणि औषधांचा तो उग्र भपकारा आला. बारा वर्षं ज्या वासानं माझं डोकं उठायचं, त्या वासात मी दारात उभा राहिलो. पोऱ्यानं विचारलं, "मालक, काय सांडलंय का?"

येळवस, म्हणजे आमच्याकडचा मार्गशीर्ष अमावस्येचा शेतातल्या पूजेचा सण, पाचव्या आठवड्यात आली. शेतात जाऊ नको म्हणणारं घरात कुणी नव्हतं, येळवसेला घरी थांबतं कोण? मी डोक्याला रुमाल आणि नाकावरून सैल उपरणं घेतलं. ताज्या नाकाला ऊन लागलं की कातडी काळवंडते आणि सूज चढते. शेजारच्या रानात तुरीची मळणी चालू होती, तिचा भुसा येऊ नये म्हणून कडब्याच्या कोपीत आतल्या अंगाला बसलो. पूजा झाली, भज्जी, उंडे, अंबील वाढलं. भज्जी अजून मला तिखट होती, पण पानावर आल्यावर नाही म्हणवलं नाही. मावशी समोर बसली होती. अंबिलाचा तांब्या पुढं करत तिनं विचारलं, "आता येतो का मग श्वास?"

"येतो की," मी म्हणालो. "आन् दिसतं बी बरं. त्याच्यासाठीच केलं व्हतं."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग माझा चेहरा हनुवटीला धरून डावीकडं वळवला, उजवीकडं वळवला, वासरू बघावं तसा. "हाय बरं," म्हणाली आणि अंबील ओतलं.

सूज उतरायला त्यानंतरही लई वेळ गेला. वरचं हाड दोन-तीन महिन्यांत नीट दिसायला लागलं. शेंडा सकाळी जाड, संध्याकाळी बरा, असं सात-आठ महिने चाललं. माझी कातडी जाड, तिला जास्त वेळ लागतो. शेंडा बधिर होता तोही हळूहळू जागा झाला, एकदा त्यावर माशी बसली आणि मला कळलं. मिशी मी परत ठेवली नाही. आधी मलम आणि खपल्या केसांत अडकायच्या म्हणून कातरत राहिलो, मग बायको म्हणाली राहू दे असंच.

वर्षाच्या तपासणीला अण्णा सोबत आले. डॉक्टरांनी आधीचा आणि आत्ताचा फोटो शेजारी शेजारी लावला. मी आत्ताचा बघत होतो. अण्णा आधीचा बघत होते, बराच वेळ. बाहेर गाडीशी आल्यावर त्यांनी दार उघडलं, बसले नाहीत.

"हात सुटला व्हता माजा," ते म्हणाले. तेवीस वर्षांत पहिल्यांदा.

"ठावं हाय," मी म्हणालो.

ते बसले. पट्टा ओढून घेतला, तो त्यांना कधी लावता येत नाही, मी लावून दिला. औशाचा फाटा आल्यावर म्हणाले, "आता मिशी ठेव बाबा. वरीस झालं, लोकं अजून मला बघून दचकतेत."